निळ्या पट्टीखालचा काठ

सत्यभामाबाईंचं मौन दुपारच्या नैवेद्याला सुटायचं. आषाढातल्या एकादशीपासून कार्तिकातल्या एकादशीपर्यंत, रोज, सूर्य उगवल्यापासून देवापुढे ताट ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा यंदाचा नेम होता. नेम त्यांना नवे नव्हते. एका चातुर्मासात त्यांनी मीठ सोडलं होतं, एका चातुर्मासात पायात चप्पल घातली नव्हती, एक वर्ष रोज एकशे आठ वाती वळून देवळात पोचवल्या होत्या. मौन मात्र पहिल्यांदाच. आणि ते कशासाठी धरलंय हे त्यांनी घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या निर्मलाबाईंनी बजावून ठेवलं होतं, "मागणं बोलून दाखवलं का थे वाऱ्यावर जाते, बाई. त्याले पोटातच राहू द्या."

सून रश्मी मोठी हसरी. ती म्हणायची, "आईच्या मौनानं आपल्या घरी बारा वाजेपर्यंत कोर्टाले सुट्टी. सासू-सुनेचं जे काय असंन थे दुपारून."

सत्यभामाबाई हसायच्या. हसायला नेमात मनाई नव्हती.

मागणं तसं साधंच होतं. यांच्या हाताला काम मिळू दे.

हे म्हणजे हिरालालजी. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांना चकाकी देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. ठोकणारे वेगळे, जोडणारे वेगळे, आणि शेवटचा हात हिरालालजींचा. घराच्या पुढच्या खोलीत मोटार होती, मोटारीला कापडी चाक. त्या चाकावर चकाकीचा मसाला लावून पाण्याचे गुंड, गडवे, परात, समया धरायच्या. भांडं चाकावरून उतरलं की सत्यभामाबाई ते लाकडाच्या भुशात घोळून पुसायच्या, दाराच्या उजेडाकडे धरायच्या आणि बघायच्या. चाकाचा आवाज असा, की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येऊ नये. म्हणून दोघांमध्ये बोटांची भाषा पडून गेली होती. भांड्यावर जिथे काळपट राहिलं असेल तिथे त्या बोट ठेवायच्या. बोट ठेवलं म्हणजे इथे अजून घासा. आणि पंजा उघडून दाखवला म्हणजे हे झालं, दुसरं घ्या. चाळीस वर्षांत याला तिसरा शब्द लागला नाही.

मग लोकांनी स्टीलची भांडी घेतली, मग प्लास्टिकच्या घागरी घेतल्या, आणि एक दिवस मोटार विकावी लागली. त्या दिवसापासून हिरालालजी ओट्यावर बसून राहू लागले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर यायचे नाहीत. सकाळी देवघरातली भांडी मात्र स्वतः घासायचे. चिंच लावून, राख लावून, इतकी घासायचे की बाळकृष्णाचं नाक बोथट व्हायला आलं होतं.

"मामाजी," रश्मी म्हणायची, "देवाले नाक-डोळे राहू द्या जी थोडे. उद्या थो कोण होय हे ओळखू येणार नाही."

"पितळ घासल्यानं मरत नाही, पोरी. खालून पितळच निघते," हिरालालजी म्हणायचे, आणि घासून झालेला बाळकृष्ण बायकोपुढे धरायचे. मौनातल्या सत्यभामाबाई पंजा उघडून दाखवायच्या. बस, झालं. तेवढ्यापुरतं हिरालालजींच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी येऊन जायचं.

आता मुलाचं सांगते. प्रफुल्लने नागपूरला तीन वर्षं गाड्यांना पॉलिश करायच्या दुकानात काम केलं आणि परत येऊन त्याच पुढच्या खोलीची भिंत पाडून, पत्रा टाकून आपलं काम मांडलं. धुणं वेगळं, पॉलिश वेगळं, हे लोकांना समजावून सांगण्यात त्याचं पहिलं वर्ष गेलं. काळी गाडी उन्हात उभी करून तो गिऱ्हाइकाला दाखवायचा. "हे पाहा, सूर्याच्या भोवती कोळ्याचं जाळं दिसून राहिलं ना? हे कोरड्या फडक्यानं पुसल्याचे चरे होत. फडक्यात धूळ असते, थे धूळ रंगाले खरवडते." मग वरचा पापुद्रा मशीनच्या फिरत्या गादीनं केसाएवढा उतरवला की जाळं जायचं आणि गाडीत माणसाला स्वतःच्या मिशा दिसायच्या.

हिरालालजी ओट्यावरून हे सगळं बघत. मशीनचा आवाज सुरू झाला की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. एकदा तर आवाज ऐकून म्हणाले, "जास्त दाबून राहिला थो. गादी रडून राहिली." आणि खरंच प्रफुल्लने मशीन उचलून हळू केली.

त्या दिवसापासून त्यांनी मुलाच्या मागे लकडा लावला. मले एक गाडी दे. एक दरवाजा दे. प्रफुल्ल टाळायचा. शेवटी दिवाळीला आठ दिवस राहिले असताना, कामाची गर्दी झाली तेव्हा, तो तयार झाला. सिहोऱ्याच्या भय्याजींची काळी गाडी आली होती. त्यांचे जावई पहिल्या दिवाळीला येणार होते आणि त्यांना स्टेशनवरून आणायला गाडी आरशासारखी पाहिजे होती.

आदल्या संध्याकाळी प्रफुल्लने बोनेटच्या चारही कडांना निळी चिकटपट्टी लावली आणि वडिलांना जवळ बोलावलं.

"बाबा, बोनेट तुमचं. पण मधलाच भाग. ह्या पट्टीच्या बाहेर जायचं नाही."

"काहून?"

"कडेवर रंग पातळ असते. कुठंही पाहा, पाणी सांडलं का काठावरून ओघळून जाते ना? रंगाचं बी तसंच आहे, ओला असतानी थो काठावर थांबतच नाही. वरती काचेसारखा पापुद्रा, खाली काळा रंग, त्याच्याखाली अस्तर, मंग पत्रा. मधात जीव आहे, काठावर नाही."

"हं," हिरालालजी म्हणाले. त्यांचं लक्ष मशीनवर होतं. लोकरीची गादी ते अंगठ्याने चाचपून बघत होते.

"ऐकून राहिले का?"

"ऐकलं रे बाप्पा! बहिरा नाही झालो अजून."

"हे बोनेट चांगलं निघालं त दिवाळीपासून दुसरी मशीन तुमची. दोघं मिळून करू."

सत्यभामाबाई दारात तुळशीचा दिवा घेऊन उभ्या होत्या. पाणी कडेवरून ओघळून जातं, हे त्यांनी ऐकलं आणि मनात ठेवलं. आणि दुसरी मशीन, हेही ऐकलं. चातुर्मास संपायला अजून तीन आठवडे होते आणि देव आधीच पावायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास नागपूरच्या बसनं गाद्यांचं पार्सल आल्याचा फोन आला. प्रफुल्ल स्कूटरवर निघाला. चकलीची भाजणी दळून आणायची म्हणून रश्मीही डबा घेऊन मागे बसली.

"बाबा, हळू हळू करा. मी अर्ध्या तासात आलो."

"जाय तू. मले शिकवू नोको."

घरात दोघंच उरली. सत्यभामाबाईंनी वरणाला डाळ लावली आणि बाहेर येऊन पत्र्याखाली पाटावर बसल्या, वाती वळत.

हिरालालजींनी मसाल्याचे चार थेंब बोनेटवर टाकले, मशीन टेकवली, मग चालू केली. आधी सावकाश पसरवलं. मग आडव्या पट्ट्यांनी, एकावर एक अर्धी चढवत, घाई नाही, दाब नाही. चाकापुढे उभं राहायची त्यांची जुनी ढब होती, एक पाय पुढे आणि खांदे सैल. ती ढब दोन वर्षांनी अंगात आली. सत्यभामाबाईंच्या हातातली वात वळायची राहिली. हा माणूस ओट्यावरचा नव्हता. हा त्यांच्या ओळखीचा होता.

वीसेक मिनिटांनी त्यांनी मशीन थांबवली, मऊ कापडानं पुसलं आणि बायकोला खुणेनं बोलावलं. सत्यभामाबाई जवळ गेल्या. काळ्या बोनेटमध्ये पत्र्याचं छत दिसत होतं, छताच्या भोकातून येणारा उन्हाचा कवडसा दिसत होता, आणि त्या कवडशाभोवती एकही चरा नव्हता. त्यांनी वाकून बघितलं, तिरकं होऊन बघितलं. मग पंजा उघडला.

हिरालालजी लाजल्यासारखे हसले. "मी म्हणून राहिलो होतो ना, घासणं म्हणजे घासणं. पितळ काय अन् गाडी काय."

सत्यभामाबाई देवाला मनातल्या मनात हात जोडून स्वयंपाकघरात गेल्या. डाळ उतरवली, भात टाकला. देवासाठी तांदूळ निवडून ठेवले होते तेच टाकले. तेवढ्यात मशीन पुन्हा चालू झाल्याचा आवाज आला. मधला भाग तर झाला होता. मग आता काय?

त्या बाहेर आल्या. हिरालालजींच्या पायाशी निळी पट्टी गोळा होऊन पडली होती.

त्याचं कारण नंतर कळलं, आणि कळल्यावर त्यांना नवऱ्याचा राग येईना. गुंड विकत घेणारी बाई आधी काठावरून बोट फिरवते. पोटाकडे नंतर बघते. म्हणून पितळेच्या धंद्यात काठ सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त चमकावा लागतो. हिरालालजींनी पट्टी बघितली. पट्टीच्या आत आरसा आणि पट्टीखाली मळकट काठ. असं अर्धवट काम त्यांनी जन्मात कोणाला दिलं नव्हतं. पोरगा घाईत विसरला असेल असं त्यांना वाटलं, आणि पट्टी ओढून काढली.

पुढच्या काठावर मशीन अजून आली नव्हती. अलीकडे वीतभर अंतरावर ती फिरत होती. सत्यभामाबाईंच्या गळ्यात शब्द आला. दोन अक्षरं. थांबा.

तो ओठांपर्यंत आला हे खरं. त्यांनी तोंडही उघडलं असेल. पण त्याच क्षणी मनात दुसरं आलं. हे मौन यांच्या कामासाठी. ते आज मोडलं तर काम जाईल. देव असा हिशोबी नसतो हे त्यांना ठाऊक होतं, पण तीन महिने पाळलेलं व्रत तोंडात असताना ते आठवत नाही. त्यांनी शब्द गिळला.

मग त्या पुढे धावल्या आणि गाडीच्या समोर जाऊन त्यांनी काठावर बोट ठेवलं. इथे. इथे पट्टी होती. इथे नाही.

हिरालालजींनी मान वर केली. एक डोळा साफ, एक डोळा धुक्यातला. त्यांनी बायकोचं बोट बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"दिसलं, दिसलं! तुहे डोळे म्हणजे..." मशीनच्या आवाजात पुढचं गेलं. आणि जिथे बोट होतं तिथेच त्यांनी गादी टेकवली.

सत्यभामाबाईंनी बोट काढून घेतलं. काढावंच लागलं. त्या जागी गादी फिरू लागली. त्यांनी मान हलवली, जोरात हलवली, पण हिरालालजी आता खाली बघत होते. गरम रंगाचा वास आला. काळ्या काठावर आधी धुरकट, मग करडी अशी रेघ उमटली, बोटाएवढी, मग दीड बोट. ते अस्तर होतं. हिरालालजींना ते मळासारखं दिसलं असावं, कारण त्यांनी आणखी दाब दिला. मळ निघत नव्हता. वाढत होता.

सत्यभामाबाईंनी दोन्ही हात वर केले. दोन्ही पंजे उघडून, त्यांच्या तोंडासमोर.

हिरालालजींनी वर बघितलं. पंजा. हे झालं, दुसरं घ्या. त्यांनी समाधानानं मान डोलावली आणि मशीन उचलून उजव्या बाजूच्या काठावर नेली.

तेव्हा कुठे सत्यभामाबाईंना भिंतीवरचं बटण आठवलं. ते मागच्या भिंतीला होतं, पाण्याच्या ड्रमच्या पलीकडे. त्या पोचेपर्यंत, पदर ड्रमला अडकून सुटेपर्यंत, उजव्या काठावरही दोन बोटं करडी झाली होती. बटण बंद झालं. गादी फिरत फिरत थांबली. एवढी शांतता झाली की आतून भाताच्या झाकणाचा आवाज आला.

"काय झालं वं? लाइन गेली का?" हिरालालजींनी विचारलं.

सत्यभामाबाई उभ्या राहिल्या. बटणावरचा हात त्यांनी काढला नाही.

हिरालालजींनी कापडानं काठ पुसला. पुन्हा पुसला. मग नखानं खरवडून बघितला. मग खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकले. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

प्रफुल्ल आला तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पार्सल काखेत तसंच होतं. आधी त्याला मधला भाग दिसला आणि तो "वा!" म्हणाला. मग त्याला काठ दिसला. पार्सल खाली ठेवलं, बोटाची पेरं रेघेवर ठेवून बघितलं, दुसऱ्या बाजूला गेला, तिथेही बघितलं.

"बाबा, पट्टी कोणं काढली?"

"म्या. मले वाटलं तू विसरला."

"अन् इथं घासलं काहून?"

हिरालालजींनी बायकोकडे बघितलं. त्यात तक्रार नव्हती. एखादा माणूस पुराव्याचा कागद दाखवतो तसं ते म्हणाले, "तुह्या आईनं बोट दाखवलं."

"आई?" प्रफुल्ल वळला. "खरं का हे? तुले त म्या..." आणि तो थांबला. बारा वाजले नव्हते.

रश्मी भाजणीचा डबा घेऊन आली. तोंड उघडलं, गाडी बघितली, मिटलं. प्रफुल्ल पालथ्या बादलीवर बसला. हिरालालजी उभेच होते, हातात कापड. तिघंही सत्यभामाबाईंकडे बघत होती आणि त्यांना वीस मिनिटं थांबायचं होतं.

सत्यभामाबाई आत गेल्या. भात खाली लागला होता, वरचा वरचा काढून घेतला. वरण वाढलं, तूप वाढलं, वर तुळशीचं पान ठेवलं. हात सवयीनं चालत होते. दोन उत्तरं होती. खरं सांगायचं तर मी थांबा म्हणत होते, यांनी घासा म्हणून घेतलं. मग पोरगा म्हणेल, यांना आता खूणही कळत नाही. मशीन माळ्यावर जाईल आणि हे ओट्यावर जातील. दुसरं उत्तर खोटं होतं. नैवेद्याच्या ताटासमोर बसून पहिला शब्द खोटा काढायचा.

घड्याळात बाराचे ठोके पडत असताना त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. डोळे मिटले. उठल्या आणि बाहेर आल्या.

"मीच दाखवलं बोट," त्या म्हणाल्या. सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा आला. "मले वाटलं, चरा राहिला तिथं."

"आई, अवं, काल पट्टीचं सांगतलं होतं ना म्या? तू तिथंच उभी होती."

"विसरली रे."

प्रफुल्लने सुस्कारा सोडला. त्याच्या चेहऱ्यावरचं एक ओझं उतरलेलं दिसलं. "मंग बाबाची काय चूक? जाऊ द्या बाबा. होते असं. माह्या हातानं नागपूरले दोन दरवाजे गेले होते."

हिरालालजींनी ते ऐकलंच नाही. ते बायकोकडे बघत होते.

"चाळीस वर्षांत तुहं बोट चुकलं नव्हतं वं."

"दिसलं नसंन नीट," त्या म्हणाल्या. "मले बी आता कमीच दिसते."

हे तिसरं खोटं. पहिल्या दोन्हींना धरून ते आपोआप आलं होतं.

भय्याजी एक वाजता आले. पांढरा सदरा, तोंडात सुपारी. गाडीभोवती एक फेरी मारली आणि समोर थांबले.

"काऊन जी प्रफुल्ल, म्या त काळी गाडी देली होती. हिले भस्म कोणं लावलं?"

"माह्या हातानं झालं, भय्याजी," प्रफुल्ल म्हणाला. आईकडे, वडिलांकडे त्यानं बघितलं नाही. "पूर्ण बोनेट रंगवून देतो. पण दिवाळीच्या आत नाही होणार. रंग सुकाले वेळ लागते."

"म्हणजे जावई ह्याच गाडीत येणार! विचारतीन, मामंजी, गाडीले गोंदवून घेतलं का?" भय्याजी स्वतःच हसले, पण हसणं फार टिकलं नाही. मग त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या हिरालालजींवर गेली आणि त्यांचा सूर उतरला. "राम राम, हिरालालजी. आमच्या लग्नातला गुंड तुमच्या हातून झाला होता, अजून चमकते. पण तुमच्यासारखा माणूस घरी असतानी पोराच्या हातून असं कसं होऊ देल्लं? तुमी पाह्यलं नाही का?"

प्रफुल्ल काही बोलायला गेला. हिरालालजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"नाही पाह्यलं," ते म्हणाले.

भय्याजी गाडी घेऊन गेले, दिवाळीनंतर आणतो म्हणाले. सिहोऱ्याकडे वळताना बोनेटच्या मध्यभागी एक क्षण सगळं आकाश दिसलं, आणि मग गाडी गेली.

संध्याकाळी प्रफुल्लने कुठल्यातरी मोडक्या गाडीचं जुनं बोनेट दोन स्टुलांवर मांडलं. त्याला नवी निळी पट्टी लावली. मशीन आणून वडिलांच्या समोर ठेवली.

"बाबा, इकडे या. मधला भाग म्या पाह्यला. खोटं नाही सांगत, माह्यानं असा नाही निघत. काठाचं मी पाहून घेईन. तुमी मधलंच करत जा."

"नाही रे."

"काहून नाही? तुमची चूकच नव्हती. आईनं दाखवलं, तुमी घासलं."

"थेच त म्हणून राहिलो." हिरालालजी ओट्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर. "मले कुठं दिसत होतं? मोटार होती तेव्हाही शेवटची दहा वर्षं मले नीट दिसत नव्हतं. तुह्या आईच्या डोळ्यानं चालू होतं सारं. थे बोट ठेवे, मी घासू. आता तिचेही डोळे गेले म्हणते. मंग पाहीन कोण?"

सत्यभामाबाई तुळशीपाशी होत्या. हातात काडी पेटलेली होती. संध्याकाळची वेळ, मौन नाही, काही नाही. तोंड मोकळं होतं. माझे डोळे चांगले आहेत एवढं म्हणायचं होतं. मला पट्टी दिसली होती, अंतर दिसलं होतं, करडी रेघ तुमच्याआधी दिसली होती. पण मग पुढचं विचारलं जाईल. दिसत होतं तर बोलली का नाहीस. आणि त्याचं उत्तर तुमच्यासाठी, असं होतं.

काडी बोटापर्यंत जळत आली. त्यांनी ती टाकली आणि दुसरी पेटवली.

"अहो," त्या म्हणाल्या.

"हं?"

"काही नाही. जेवाले या."

पहाटे त्या नेहमीसारख्या उठल्या, आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. सूर्य उगवला तशी जीभ टाळूला लावली. ओंजळीत पाणी घेऊन रोजचं मागणं मनात म्हणायची वेळ आली, तेव्हा त्या जराशा थांबल्या. मग नुसतंच पाणी सोडलं.

हिरालालजी देवघरासमोर बसून भांडी घासत होते. राख, चिंच, मऊ फडकं. बाळकृष्ण सगळ्यात शेवटी. तो घासून झाला, धुतला, पुसला. सत्यभामाबाई समोरच बसल्या होत्या. रोज ते मूर्ती त्यांच्यापुढे धरायचे. आज त्यांनी ती धरली नाही. सरळ देवघरात ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

मूर्तीच्या डाव्या कानामागे चिंचेचा डाग राहिला होता. तांदळाएवढा, तांबूस. सत्यभामाबाईंना तो तिथून स्वच्छ दिसत होता. त्यांचं बोट उचललं गेलं.

हिरालालजींची पाठ वळली होती. ते ओट्याकडे चालले होते.